मूसचे बारमाही खाणे

मूस हे हरणांच्या कुळातील सर्वांत मोठे जनावर. उत्तर अमेरिकेत सुपीरियर सरोवरातल्या आयल रॉयल बेटावर १९५८ पासून मूस आणि लांडगे यांचा एकत्र अभ्यास चालू आहे. उन्हाळ्यात विलो, बर्च, ॲस्पेन यांचा कोवळा पाला हे मूसचे मुख्य खाणे. वरच्या जबड्यात पुढचे दात नसल्याने तो फांदी ओठांत धरतो आणि मान मागे ओढत पाने ओरबाडतो. या पाल्यात सोडियम नगण्य. ते भरपूर असते पाणवनस्पतींत. म्हणून मूस तळ्यात शिरतो, डोके पूर्ण बुडवून तळाशी रुजलेल्या वेली उपटतो आणि तोंडातून पाणी निथळत असतानाच चघळतो. सप्टेंबर-ऑक्टोबरात, माजाच्या काळात, नर जवळजवळ उपाशीच राहतो. पुढे थंडीत त्याची शिंगे गळतात. हिवाळ्यात उरतात डहाळ्या, साल आणि बाल्सम फरची सुईसारखी पाने. पोट भरते, पण वजन घटतच जाते. लांब पायांमुळे खोल बर्फातून वाट काढता येते. खरा छळ गोचिडींचा. एकेका मूसच्या अंगावर त्या हजारोंनी चिकटतात आणि अंग घासून घासून वसंतापर्यंत केसांचे पट्टेच्या पट्टे झडतात. मे-जूनमध्ये मादीला बहुधा एक, कधी जुळी पिल्ले होतात.