जखम घोट्याला, कारण रक्तात

सोलापुरात यंत्रमागावर पाळी करणाऱ्याच्या घोट्यावरची जखम भरेना झाली की आधी शुगर तपासतात. ते बरोबरच. शुगर नॉर्मल निघाली की 'उभं राहून नस फुगली असेल' म्हणत मलम बदलतात. उभं राहण्याचा वाटा खराच. पोटरी हलली नाही की रक्त वर चढत नाही. पण त्याच पाळीतल्या बाकीच्यांना हा त्रास का नाही?

काहींच्या बाबतीत कारण जन्मापासून रक्तात असतं. रक्त गोठायला हवं तसं वेळेत थांबायलाही हवं. हा लगाम प्रोटीन सी, प्रोटीन एस आणि अँटीथ्रॉम्बिनच्या हाती असतो. यातलं एखादं आनुवंशिकतेनं कमी असलं तर पायाच्या खोल शिरेत गुठळी धरू शकते. 1994 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनच्या संशोधकांना आणखी एक दोष सापडला: रक्त गोठवणाऱ्या फॅक्टर फाइव्हच्या जनुकात एकच अक्षर बदललेलं, त्यामुळे प्रोटीन सीला तो फॅक्टर सहज तोडता येत नाही. युरोपच्या मानानं आपल्याकडे हा दोष कमी; तरी मुंबईच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेच्या शास्त्रज्ञांना यकृताच्या शिरा तुंबलेल्या रुग्णांत तो आढळला होता.

गुठळी विरघळते, पण शिरेतल्या झडपा कधीकधी बिघडून जातात. दाब घोट्याशी साचतो, तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, त्यांतलं लोह कातडीत उरतं. जखमेभोवतीची तपकिरी, टणक कातडी ती हीच.

लिव्हेडॉइड व्हॅस्क्युलोपथी नावाच्या आजारात तर कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्याच बुजतात. जखमा लहान, ठणका भयंकर. भरल्या की पांढरे वण राहतात. अनेकांचा त्रास उन्हाळ्यात उफाळतो, आणि सोलापूरचा मे कसा असतो ते सांगायला नको. रक्तवाहिन्यांचा दाह समजून स्टेरॉइड दिली जातात. मुळात दोष गोठण्याचा. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या जर्मन अभ्यासात रक्त पातळ करणाऱ्या रिव्हारॉक्साबॅननं वेदना उतरल्या.

या दोषांच्या तपासणीची वेळ मात्र साधावी लागते. गुठळी ताजी असताना किंवा रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असताना प्रोटीन सी-एस कमीच दिसतात. प्रोटीन सी मुळातच कमी असेल आणि हेपारिनच्या आधाराशिवाय वॉर्फरिन सुरू केलं, तर क्वचित कातडीच मरते. पट्टीचंही जपावं लागतं: शिरांमुळे झालेल्या जखमेवर घट्ट पट्टी उत्तम. पण धमनीतला प्रवाह न पाहता ती आवळली तर पाय धोक्यात येतो.

दोष असलेल्या बहुतेकांना जखम होतच नाही. म्हणून सरसकट सगळ्यांनी महागड्या तपासण्या करायची गरज नाही. डॉक्टरांना आधी एवढं सांगावं: घरात कुणाचा एकच पाय अचानक सुजला होता का, बाळंतपणानंतर कुणाला गुठळी झाली होती का, आणि तेव्हा वय काय होतं.