गुडघ्यातले प्लास्टिक

डॉक्टरांनी "सांधा बदलावा लागेल" म्हटले की घरात पहिला प्रश्न पैशाचा निघतो आणि दुसरा, आत काय बसवणार? धातूचे नाव ऐकून धीर येतो. प्लास्टिक म्हटले की चेहरे उतरतात. बादली दोन वर्षांत तडकते, मग आईच्या गुडघ्यात ते कसे टिकणार? शंका रास्त आहे. पण हे प्लास्टिक वेगळे आहे आणि ते दवाखान्यात आले कापडगिरणीतून.

इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यात रायटिंग्टन हॉस्पिटल आहे. तेथील सर्जन जॉन चार्नली 1958 च्या सुमारास खुब्याचा कृत्रिम सांधा बसवू लागले. मांडीच्या हाडाला धातूचा गोळा आणि कमरेच्या हाडात टेफ्लॉनची वाटी. न चिकटणाऱ्या तव्यावर जो गुळगुळीत थर असतो, तेच हे टेफ्लॉन. रुग्णांचे दुखणे थांबले, ते चालू लागले. सुमारे 300 जणांना अशा वाट्या बसल्या. पण दोन-तीन वर्षांतच त्या झिजल्या. झिजेचा भुगा मांसात साठून गाठी झाल्या, सांधे सैल पडले आणि बरे झालेले रुग्ण पुन्हा शस्त्रक्रियेच्या टेबलावर आले.

मे 1962 मध्ये एक विक्रेता नव्या प्लास्टिकचा तुकडा घेऊन चार्नली यांच्या कार्यशाळेत आला. कापडाच्या मागांची दातेरी चाके त्यापासून बनत. चार्नली यांना ते पसंत पडले नाही. त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तुकडा झीज मोजण्याच्या यंत्रावर चढवला. यंत्र तीन आठवडे रात्रंदिवस चालले. टेफ्लॉन एका दिवसात झिजते तेवढेही ते झिजले नाही. कारागिराच्या या हट्टाला दाद द्यावीच लागेल. पुढे चार्नली यांनी दोन्ही प्लास्टिकचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. त्रास झाला तो टेफ्लॉनचा. नोव्हेंबर 1962 पासून नव्या वाट्या बसू लागल्या.

हे पॉलिइथिलीन. कुळ पिशवीचेच, पण रेणूंच्या साखळ्या कितीतरी पट लांब, शेवयांसारख्या गुंतलेल्या. गुडघ्यातही दोन धातूंच्या मध्ये याचीच चकती असते. आता किरणांचा मारा करून या साखळ्या एकमेकींना बांधतात, त्यामुळे झीज आणखी कमी होते.

दुसरे नाव ऐकाल ते 'पीक'. शेतातले नव्हे! हे इंग्लंडमध्ये 1978 साली तयार झालेले प्लास्टिक, 340 अंश सेल्सिअसच्या पुढे वितळणारे. मणक्यांच्या मधल्या आधारासाठी आणि कवटीच्या तुकड्यासाठी ते वापरतात. टायटॅनियम हाडापेक्षा फार ताठ असते. भार सगळा तेच उचलते आणि शेजारचे हाड कमजोर होऊ शकते. पीक तेवढे ताठ नाही. शिवाय एक्स-रे त्यातून आरपार जातो, म्हणून हाड जुळले की नाही हे डॉक्टरांना दिसते. उणीव एकच, पण मोठी: हाड त्याला सहजासहजी धरत नाही. म्हणून त्याचा पृष्ठभाग खडबडीत करतात किंवा त्यावर लेप देतात.

ऑगस्ट 2017 मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटवर किमतीची मर्यादा घातली. कोबाल्ट-क्रोमच्या नेहमीच्या सांध्याला तेव्हा जीएसटी वगळून 54,720 रुपये ठरले होते. ही मर्यादा फक्त इम्प्लांटची. शस्त्रक्रिया आणि खोलीचा खर्च वेगळा. म्हणून बिलात इम्प्लांटची किंमत, कंपनी आणि बॅच क्रमांक स्वतंत्र लिहून मागा. खोक्यावरचे स्टिकर केसपेपरला लावलेले असते, त्याची झेरॉक्स रेशनकार्डाशेजारी ठेवा. पंधरा-वीस वर्षांनी चकती बदलायची वेळ आली, तर नव्या डॉक्टरांना आत नेमके काय आहे ते त्यावरूनच कळेल.