बाजार कुणाचा?

कांदा शेतात पिकतो, पण त्याचा पैसा बाजारात ठरतो. म्हणून बाजार कसा चालतो, हे आपल्याला कळले पाहिजे.

पूर्वी दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालीत. बोटे दाबून भाव ठरवीत. माल आपला, पण भाव आपल्याला कळत नसे. वजनातही मारले जाई.

हे थांबावे म्हणून कायदे झाले. वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारासाठी १८९७ साली कायदा झाला. पुढे १९६३ साली महाराष्ट्राचा कायदा झाला. त्याप्रमाणे बाजार समित्या चालतात. समितीवर शेतकरी, व्यापारी आणि हमाल-मापारी यांचे निवडलेले प्रतिनिधी असतात. लिलाव उघड व्हावा, काटा खरा असावा, हे पाहणे त्यांचे काम.

माल घेणाऱ्याकडून समिती बाजार फी घेते. त्या पैशातून ओटे, छपऱ्या, रस्ते, पाणी, गोदामे होतात. ही कामे सर्वांची. एकट्यादुकट्याला ती झेपत नाहीत.

कामे लवकरही व्हायला हवीत. पाऊस काही सभेची वाट पाहत नाही. छपरी नसली तर कांदा भिजतो आणि सडतो. म्हणून काहीजण म्हणतात, "निवडणूक नको, सभा नको. एकाच्या हाती कारभार द्या. झटपट कामे होतील."

होतील, खरे. पण विचारणारा कोणी नसला, तर छपरीखाली कोणाच्या गोण्या राहतील? व्यापाऱ्याचा माल कोरडा आणि आपला उघड्यावर, असेही होईल.

मग करावे काय? कोणते काम, किती खर्चाचे, किती दिवसांत, हे सर्वांना विचारून एकदा ठरवावे. मुदत लिहून ठेवावी. मग रोज भांडत बसून काम अडवू नये. काम झाले की हिशेब फलकावर लावावा. मुदत टळली किंवा हिशेब जुळला नाही, तर जाब विचारावा. तरीही सुधारणा नाही, तर पुढच्या निवडणुकीत माणसे बदलावी.

आता आपल्याला वाचता येते. भावाचा फलक वाचा. हिशेबपट्टी हातात आली की वजन, भाव आणि कपात पाहा. समजले नाही तर तिथेच विचारा. लाजू नका.

नुसती पेरणी करून पीक घरात येत नाही, राखणही करावी लागते. मत देणे ही पेरणी. हिशेब विचारणे ही राखण.