ग्रीन कार्डाची फाइल चालू असताना अमेरिकेची फेरी

अंधेरीपासून मुलुंडपर्यंत आमच्या व्यापारी आणि कारागीर बंधूंमध्ये एक प्रश्न वारंवार निघतो. भाऊ शिकागोत नागरिक झाला, त्याने आपल्यासाठी ग्रीन कार्डाचा अर्ज भरला. आता नंबर लागेपर्यंत पुतणीच्या लग्नाला किंवा मालाच्या बोलणीसाठी तिकडे जाता येते की नाही? कोणी म्हणतो, फाइल असली की टूरिस्ट व्हिसा बंद. एखादा एजंट म्हणतो, फाइलचे नावच काढू नका. दोन्ही चूक, आणि दुसरा सल्ला फार महागात पडणारा.

आधी मुदतीचा हिशेब पाहू. भावंडांच्या श्रेणीला एफ-४ म्हणतात. साऱ्या जगासाठी वर्षाला सुमारे ६५,००० व्हिसा, आणि कौटुंबिक कोट्यात एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा. म्हणून २०२५ साली भारतीयांच्या २००६ मधल्या अर्जांचे नंबर लागत होते. नागरिक मुलाने आईवडिलांसाठी केलेल्या अर्जाला कोटा नाही, तरी तिथेही महिनोन्‌महिने थांबावे लागते. एवढा काळ आपल्या माणसांना भेटूच नका, असे तिथला कायदाही म्हणत नाही.

कायदा इरादा पाहतो. कलम २१४ (बी) प्रमाणे टूरिस्ट व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायम राहायलाच चालला आहे असे अधिकारी धरून चालतो. तसे नाही हे पटवून देण्याचे ओझे आपल्यावर. फाइल असली की हे ओझे जड होते, इतकेच. एफ-४ वाल्याचे उत्तर सोपे आहे : नंबराला अजून दहा वर्षे आहेत, दुकान इथे आहे, तीन आठवड्यांत परत येणार. आईवडिलांची फाइल शेवटच्या टप्प्यात असेल तर मात्र नकाराची शक्यता जास्त. तेव्हा थोडे थांबलेले बरे.

डीएस-१६० या फॉर्ममध्ये सरळ प्रश्न आहे : तुमच्यासाठी कोणी इमिग्रंट याचिका दाखल केली आहे काय? इथे "होय" लिहावे. आय-१३० ची नोंद त्यांच्या संगणकात असतेच. खरे लिहून व्हिसा नाकारला गेला तर फी जाते, पण ग्रीन कार्डाची फाइल रद्द होत नाही. खोटे सापडले तर कायमची बंदी येऊ शकते. ती माफ करून घेण्यासाठी नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक पती, पत्नी, आई किंवा वडील लागतात. मुलगा किंवा भाऊ तिथे कामाला येत नाही. म्हणजे ज्याच्या जोरावर फाइल उभी आहे, तोच त्या वेळी उपयोगाचा नाही.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मुलाखतीला जाताना गुमास्ता परवाना, जीएसटीची नोंदणी, तीन वर्षांची आयकर विवरणे आणि घराचे कागद जवळ ठेवावे. अधिकारी कित्येकदा कागद पाहतही नाही, दोन-तीन प्रश्नांत निर्णय देतो. म्हणून उत्तर थोडक्यात आणि खरे असावे.

व्हिसा मिळाला म्हणजे प्रवेश मिळाला असेही नाही. तो निर्णय तिथल्या विमानतळावर होतो, आणि राहण्याची तारीख आय-९४ वर पडते. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी मुक्काम त्या तारखेपर्यंतच. तारीख उलटून १८० दिवसांहून जास्त राहून परतलात तर ३ वर्षे बंदी, वर्ष किंवा अधिक राहिलात तर १० वर्षे. व्यापारी व्हिसावर ऑर्डरची बोलणी करता येते, प्रदर्शन पाहता येते. पण भावाच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूवरच्या दुकानात गल्ल्यावर बसू नये. पगार घेतला नाही तरी ते काम धरले जाऊ शकते. आमच्या लोकांना ही सवय आहे, दुकान दिसले की हात स्वस्थ बसत नाहीत!

काही जण आईला टूरिस्ट म्हणून बोलावून तिथेच ग्रीन कार्डाचा अर्ज भरतात. नागरिकाच्या आईवडिलांना कायद्यात ती सोय आहे, पण निघतानाच तो इरादा होता असे दिसले तर ती फसवणूक ठरते. शिवाय असा अर्ज चालू असताना आगाऊ परवानगी न घेता इकडे आलात, कोणाच्या मयतीला का असेना, तर अर्ज सोडून दिला असे धरतात.

भरलेल्या प्रत्येक डीएस-१६० ची छापील प्रत घरी जपून ठेवावी. ग्रीन कार्डाच्या मुलाखतीत अधिकाऱ्यासमोर जुने सगळे अर्ज असतात, आणि पंधरा वर्षांपूर्वी आपण काय लिहिले होते ते आपल्यालाच आठवत नाही.