तेहतीस वर्षांचा फेरा

विंडन हे गाव जर्मनीच्या नकाशावर शोधू नये. 'डार्क' या मालिकेसाठी वसवलेले ते गाव आहे. भोवती दाट जंगल, जंगलात एक गुहा, जवळच अणुवीज केंद्र आणि गावात कथेपुरती चार घराणी. करमाळ्याच्या बाजारात बाजाराच्या दिवशी उभे राहिले, की समोरून जाणारा माणूस कुणाचा कोण हे सांगणारे कुणीतरी भेटतेच. विंडनही तसेच. फरक एवढाच, की तिथे नाती सांगता सांगता सांगणाऱ्याचीच मती गुंग होते. एका मुलाचा बाप हा त्याच मुलाच्या प्रेयसीचा धाकटा भाऊ निघतो. आणखी एका घरात आई आणि मुलगी या एकमेकींच्याच आई आणि एकमेकींच्याच मुली आहेत!

बारान बो ओडार आणि यांत्ये फ्रीझे या जोडीने रचलेली ही मालिका नेटफ्लिक्सवर १ डिसेंबर २०१७ रोजी सुरू झाली आणि २७ जून २०२० रोजी संपली. तीन पर्वे, सव्वीस भाग. नेटफ्लिक्सने जर्मन भाषेत केलेली ही पहिली मालिका. घरातल्या लहानग्यांना शेजारी बसवून पाहण्यासारखी ती नाही, हे आधीच सांगितलेले बरे. मोठ्यांनीही वही-पेन्सिल घेऊन बसावे.

गोष्टीचा गाभा मात्र साधा आहे. २०१९ सालच्या नोव्हेंबरात मिकेल नावाचा एक मुलगा गुहेजवळून नाहीसा होतो. तो गुहेतून बाहेर पडतो तेव्हा साल असते १९८६. परतीची वाट सापडत नाही. तो तिथेच वाढतो, नाव बदलते, लग्न होते, मुलगा होतो. त्या मुलाचे नाव योनास. २०१९ साली तरुण झालेल्या योनासला एक दिवस कळते, की हरवलेला मिकेल म्हणजेच आपले वडील. आता या पोराने काय करावे? मिकेलचा हात धरून त्याला आईबापांकडे आणून सोडावे, तर त्याचे बालपण परत मिळेल, एका घरातला आकांत थांबेल. पण मग योनास जन्मालाच येणार नाही.

कालप्रवासाच्या बहुतेक गोष्टींत यंत्राची चमक फार आणि माणसे नावापुरती असतात. इथे यंत्र अगदी दुय्यम आहे. मालिका अंगावर येते ती योनासच्या या पेचामुळे.

गुहेतून माणूस नेमका तेहतीस वर्षे मागे किंवा पुढे जातो: १९५३, १९८६, २०१९. जर्मन प्रेक्षकाला हा आकडा गूढ वाटला असेल. आपल्याकडे मात्र धोंड्याच्या महिन्यात जावयाला तेहतीस अनारसे दिले जातात, तेव्हा आपण या आकड्याला बुजण्याचे कारण नाही. गंमत अशी, की दोन्ही तेहतीस एकाच गणितातून निघाले आहेत. सौर वर्ष सुमारे ३६५ दिवसांचे, चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवसांची तूट. ही तूट साचू दिली, तर साडेबत्तीस-तेहतीस वर्षांत तिचे पुरे एक चांद्र वर्ष होते आणि चंद्र-सूर्य पुन्हा जवळपास जिथल्या तिथे येतात. मालिकेने घेतला तो हा फेरा. रमजानचा महिना ऋतूंमधून फिरत राहतो तोही याच हिशेबाने. १९९७ साली तो जानेवारीत सुरू झाला होता आणि २०३० सालीही जानेवारीतच सुरू होईल. आपल्या पंचांगकर्त्यांनी मात्र ही तूट साचूच दिली नाही. सुमारे साडेबत्तीस महिन्यांत ती एका महिन्याएवढी झाली, की लगेच एक अधिक महिना घालून हिशेब चुकता. २०२३ साली अधिक श्रावण आला, २०२६ साली अधिक ज्येष्ठ. विंडनवाल्यांनी वेळच्या वेळी अधिक मास पाळला असता, तर सव्वीस भागांचा हा घोळ झाला नसता!

विज्ञानाला असे फेरे मान्य आहेत का? अगदीच अमान्य आहेत असे नाही. कुर्ट ग्योडेल या गणितीने १९४९ साली आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून एका फिरत्या विश्वाचे उत्तर काढून दाखवले. त्या विश्वात पुढे पुढे जाणारा प्रवासी स्वतःच्याच भूतकाळात पोचू शकतो. आपले विश्व तसे फिरणारे आहे असा पुरावा नाही, आणि निसर्ग असल्या वाटा बंदच ठेवत असावा असा तर्क स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ साली मांडला. मराठी वाचकाची या प्रांतात पावले पडली ती जयंत नारळीकरांचे बोट धरून. त्यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतला इतिहासाचा प्राध्यापक, १७६१ साली मराठे जिंकले अशा दुसऱ्याच एका जगात जाऊन पोचतो. झाले ते झाले नसते तर, ही हुरहूर आपल्याकडे पानिपताच्या नावाने घरोघरी असते. नारळीकरांनी तिला शास्त्राचा आधार दिला, हे त्या कथेचे मोठे यश. दूरदर्शनवरही १९८९ साली 'इंद्रधनुष' या हिंदी मालिकेतून मुले काळाच्या सफरीवर निघाली होती. त्यानंतर आपल्या छोट्या पडद्याने काळाशी खेळ केला तो मुख्यतः एकच. एक प्रसंग तीन-तीन वेळा, तीन-तीन बाजूंनी दाखवायचा आणि सासूची भुवई वर जायला अर्धा भाग लावायचा!

ज्यांना 'डार्क' स्वतः पाहायची आहे त्यांनी पुढचा एक परिच्छेद सोडून द्यावा.

सगळा गुंता सुरू होतो तो तानहाउस नावाच्या एका घड्याळजीपासून. त्याचा मुलगा, सून आणि तान्ही नात मोटारीच्या अपघातात गेलेली असतात. त्यांना परत आणायचे म्हणून हा म्हातारा वर्षानुवर्षे खपून एक यंत्र तयार करतो. यंत्र सुरू होते, पण गेलेली माणसे येत नाहीत. जग मात्र दुभंगते, आणि त्या दोन जगांत चारही घराणी पिढ्यान्पिढ्या फिरत राहतात. प्रत्येकाला आपले एकच माणूस वाचवायचे असते आणि त्याच धडपडीतून ते माणूस पुन्हा हरवते. अखेर योनास आणि मार्था मूळ जगात जाऊन तो अपघात टाळतात. म्हाताऱ्याचे घर वाचते. पण मग यंत्र बनतच नाही, आणि यंत्रामुळे झालेली ही दोघे पाहता पाहता विरून जातात.

ही मालिका करमाळा तालुक्याच्या पश्चिमेकडच्या गावांत बसून पाहिली, तर वेगळीच लागते. इथला फेरा उजनीच्या पाण्याचा. भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. त्याआधीच काठची गावे उठली होती, माणसे वरच्या माळावर गेली होती. वांगी, केत्तूर, चिखलठाण या गावांच्या नावापुढे आजही नंबर लागतात. वांगी नंबर एक, वांगी नंबर दोन. जग दुभंगण्यासाठी जर्मन लेखकांना यंत्र लागले, इथे भूसंपादनाची नोटीस पुरली.

आणि हे बुडालेले जग वर येते. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यातले ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. त्याच्या खाली पातळी गेली, की वर्तमानपत्रांत 'उजनी उणे' असे आकडे येऊ लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली गेली. अशा वर्षी पलीकडच्या काठाला, इंदापूर तालुक्यातले पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते, आणि अलीकडे-पलीकडे जुन्या घरांची जोती, दगडी भिंती दिसू लागतात. म्हातारी माणसे नातवाला बोट दाखवून सांगतात, इथे आपला वाडा होता, इथे चिंच होती. आकड्यांची जुळवाजुळव करायची हौस असेल, तर १९८० मध्ये तेहतीस मिळवा. २०१३ येते, उजनी तळाला गेल्याचे ते दुष्काळी साल! पण असे आकडे जुळवू लागले, की कुठल्याही सालाला काहीतरी सापडतेच.

समजा, करमाळ्याच्या कमलाभवानी मंदिराची ती शहाण्णव पायऱ्यांची विहीर आहे, तिच्या तळाशी विंडनसारखी वाट निघाली, आणि गाव उठण्याआधीच्या सालात कुणाला जाता आले. तो काय करील? धरण अडवील? वाडा राहील, चिंच राहील, देव बुडणार नाहीत. पण मग माळावरचा ऊस नाही, कंदरची परदेशी जाणारी केळी नाहीत. नव्या गावठाणात शेजार झाला म्हणून जुळलेली सोयरीक नाही, आणि बोट धरून उभा असलेला तो नातूही नाही. योनासचा पेच तो हाच. तो समजायला इथल्या माणसाला पडद्यावरच्या खालच्या पाट्या वाचाव्या लागत नाहीत.

'सैराट'साठी नागराज मंजुळे यांनी जेऊर-करमाळ्याचा मुलूख कॅमेऱ्यापुढे आणला, तेव्हा त्यातली गावकी आणि भावकी साऱ्या महाराष्ट्राला ओळखीची वाटली. विज्ञानकथाही अशीच एखाद्या तालुक्याच्या गावात घडू शकते, हे आपल्या मालिका लिहिणाऱ्यांना अजून का सुचू नये? चार घराणी इथे आहेत, दोन गावे आहेत, पाण्याखालचे साल आहे. यंत्राचा खर्चही फारसा नाही.

२०२४ सालीच ऑगस्टमध्ये उजनी भरली. दौंडकडून विसर्ग वाढल्याची बातमी आली, की काठावर एकच लगबग उडते. उन्हाळाभर पाण्यामागे खाली खाली नेलेल्या मोटारी, पाइप, केबली रातोरात वर ओढायच्या असतात. जोती एकेक करून दिसेनाशी होतात, पण तिकडे पाहायला त्या वेळी कुणाला सवड नसते.