पावणेतीन फुटांवरून जत्रा



अलिबागहून दक्षिणेकडे निघालेला रस्ता नागाव, चौल ही गावे मागे टाकीत, नारळी-पोफळीच्या वाड्यांतून वळणे घेत रेवदंड्याला पोहोचतो. येथे कुंडलिका नदी समुद्राला मिळते. पोर्तुगीजांनी बांधलेला किल्ला अजूनही येथे उभा आहे. रेवदंडा आणि चौल ही गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की एक कोठे संपते आणि दुसरे कोठे सुरू होते हे नवख्याला कळत नाही. चौलच्या भोवाळे भागात एका डोंगरावर दत्ताचे मंदिर आहे. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती येते आणि त्या दिवसापासून पाच दिवस येथे मोठी जत्रा भरते. डोंगराच्या पायथ्याशी मिठाईची, भांड्यांची, खेळण्यांची दुकाने लागतात आणि पाळणे फिरू लागतात. आसपासच्या गावांतली घरेच्या घरे जत्रेला लोटतात.

अशा वेळी घरातले सगळेच निघतात. आजी असते, आई-बाबा असतात, तुम्ही असता आणि नुकतेच दुडुदुडु चालायला लागलेले दोन वर्षांचे भावंडही असते. मोठी माणसे खरेदीत गुंतली की, “जरा ह्याला धर रे!” असे म्हणून त्याला तुमच्याच हाती सोपवतात. मग त्याच्या अंगाचे थोडे गणित तुम्हांला ठाऊक असायला नको का? आज आपण तेच गणित मांडू या.

लहान म्हणजे केवळ आखूड नव्हे

दोन वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे ८४ सेंटिमीटर, म्हणजे पावणेतीन फूट असते. वजन सुमारे १२ किलोग्रॅम भरते. आता त्याच्या दुप्पट उंचीचा, म्हणजे १६८ सेंटिमीटरचा, ६० किलोग्रॅम वजनाचा एक मोठा माणूस घेऊ. या माणसाला सर्व बाजूंनी सारख्या प्रमाणात निम्मे केले तर वजन किती होईल? लांबी, रुंदी व जाडी तिन्ही निम्म्या झाल्या, म्हणून वजन एक अष्टमांश होईल. उत्तर येते साडेसात किलोग्रॅम. पण आपले बाळ तर १२ किलोग्रॅमचे आहे!

याचा अर्थ उघड आहे. मूल ही मोठ्या माणसाची लहान प्रतिकृती नाही. त्याची ठेवणच वेगळी असते. मोठ्या माणसाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण साडेसातावा भाग असते, तर दोन वर्षांच्या मुलाचे पाचवा भाग. त्याचे पाय मात्र तुलनेने आखूड असतात. वर जड आणि खाली आखूड अशी ही रचना असल्यामुळे त्याचा तोल चटकन जातो. जत्रा तर मोठ्या माणसांच्या मापाने मांडलेली असते. तेथल्या पायऱ्या, पाळण्यांच्या बैठका, खाऊ, ध्वनिक्षेपक यांपैकी काहीच पावणेतीन फुटांचा हिशोब धरून केलेले नसते. तो हिशोब आपणच करायचा.

चाल आणि पायऱ्या

लंबकाचा नियम तुम्ही वर्गात शिकला असाल. लंबकाच्या एका आंदोलनाला लागणारा वेळ त्याच्या लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. चालताना आपला पाय काहीसा लंबकासारखाच झुलतो. मुलाच्या पायाची लांबी ३६ सेंटिमीटर आणि मोठ्याची ८१ सेंटिमीटर धरा. हे प्रमाण झाले ४ : ९. पाऊल पायाच्या लांबीच्या प्रमाणात पडते, म्हणून मोठ्याची चार पावले म्हणजे मुलाची नऊ पावले. मुलाचे पाऊल पडते भराभर, पण किती? वर्गमुळांचे प्रमाण २ : ३ येते. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या की दिसते की, सहज चालीने मुलाचा वेग मोठ्याच्या वेगाच्या फार तर दोन तृतीयांश असू शकतो. ते मागे राहते ते आळसाने नव्हे, लंबकाच्या नियमाने!

पायऱ्यांचेही तसेच आहे. १५ सेंटिमीटर उंचीची पायरी आपल्याला काहीच वाटत नाही. पण ३६ सेंटिमीटर पायाला ती जशी वाटेल, तशी ८१ सेंटिमीटर पायाला वाटण्यासाठी पायरी जवळजवळ ३४ सेंटिमीटर उंच हवी. दत्ताच्या डोंगरावरची प्रत्येक पायरी ३४ सेंटिमीटरची असती तर आपण किती पायऱ्या चढलो असतो? म्हणून चढताना थांबत थांबत जावे आणि उतरताना मुलाला सरळ कडेवर घ्यावे.

हात ओढू नका

वेगातल्या या फरकामुळे एक दुखापत होते. मूल मागे पडले की आपण त्याचा हात धरून हिसका देतो, किंवा चिखल आला की एकाच हाताने त्याला उचलतो. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे असतात. त्यांतील अंगठ्याच्या बाजूच्या हाडाचे वरचे टोक कोपराशी एका कडीसारख्या अस्थिबंधाने धरून ठेवलेले असते. एक ते चार वर्षांच्या मुलांत ही कडी सैल असते. १२ किलोग्रॅमचे मूल एका हातावर लोंबकळले की त्या हातावर सुमारे ११८ न्यूटन बल पडते. हिसका असेल तर त्याहून जास्त. अशा वेळी कडी हाडावरून सरकते. मूल रडते आणि तो हात अंगाशी धरून ठेवते, वापरत नाही. डॉक्टर हा सांधा काही क्षणांत जागेवर बसवू शकतात. घरी मात्र ओढाताण करू नये.

मुलाला उचलायचे असेल तर दोन्ही काखांत हात घालून उचलावे. चालताना त्याच्या चालीने आपण चालावे. गर्दी दाटली तर त्याला कडेवर घ्यावे, कारण पावणेतीन फूट म्हणजे मोठ्या माणसाची जेमतेम कंबर. गर्दीत मुलाला दिसतात त्या फक्त पिशव्या आणि गुडघे, आणि आपल्यालाही ते माणसांच्या भिंतीआड दिसेनासे होते. हात सुटला तर दोन वर्षांच्या मुलाला आपला पत्ता सांगता येत नाही. घरातल्या दोघांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी त्याच्या खिशात घालून ठेवावी.

ऊन आणि गारठा

आता थोडे भूमितीकडे वळू. १ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर आणि घनफळ १ घन सेंटिमीटर असते. २ सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ २४ आणि घनफळ ८. म्हणजे लहान घनाला प्रत्येक घन सेंटिमीटरमागे ६ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग मिळतो, मोठ्याला फक्त ३. वस्तू जितकी लहान, तितका घनफळाच्या मानाने तिचा पृष्ठभाग जास्त.

शरीराचेही तेच. आपल्या उदाहरणातील मुलाच्या दर किलोग्रॅम वजनामागे सुमारे ४४० चौरस सेंटिमीटर त्वचा येते, तर मोठ्या माणसाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे २८०. उष्णता आत येते किंवा बाहेर जाते ती याच पृष्ठभागातून. म्हणून दुपारच्या उन्हात मूल आपल्याआधी तापते आणि रात्री डोंगरावर वारा सुटला की आपल्याआधी गारठते. शिवाय त्याच्या एकूण त्वचेत डोक्याचा वाटा मोठ्या माणसाच्या मानाने जवळजवळ दुप्पट असतो. उन्हात टोपी आणि रात्री कानटोपी घालण्याचा आजीचा आग्रह शास्त्राला धरूनच आहे! उन्हात त्याला मागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी पाजावे.

कर्ण्यापासून किती लांब?

मोकळ्या जागी ध्वनीची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होते. अंतर दुप्पट केले की तीव्रता एक चतुर्थांश होते, म्हणजे ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. समजा, ध्वनिक्षेपकापासून १ मीटरवर पातळी १०० डेसिबल आहे. मग २ मीटरवर ती ९४, ४ मीटरवर ८८, ८ मीटरवर ८२ आणि १६ मीटरवर ७६ होईल. कारखान्यांतील प्रौढ कामगारांसाठी तज्ज्ञांनी सुचविलेली एक मर्यादा ८५ डेसिबल आणि दिवसाचे ८ तास अशी आहे. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी करावयाची. या हिशोबाने १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटे मिळतात!

आपल्या अंतर्कर्णात ध्वनी टिपणाऱ्या सूक्ष्म केसयुक्त पेशी असतात. त्या एकदा मेल्या की पुन्हा तयार होत नाहीत. मोठा माणूस कानावर हात ठेवतो किंवा उठून लांब जातो. दोन वर्षांचे मूल फक्त रडते आणि आपण म्हणतो, “भूक लागली असेल.” मोठा ध्वनिक्षेपक जमिनीवर ठेवलेला असेल तर तो नेमका मुलाच्या कानाच्या उंचीवर येतो, आणि कर्णा खांबाला बांधलेला असेल तर खांद्यावर बसवलेले मूल त्याच्या अधिक जवळ जाते. म्हणून पंधरा-वीस पावले बाजूला होण्याइतका स्वस्त उपाय दुसरा नाही. आपल्या देशात २००० सालापासून ध्वनिप्रदूषणाचे नियम लागू आहेत. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास त्यांनी मनाई केली आहे. सणावारी ठराविक दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तीही शासनाने दिली तरच.

आतला घोडा, बाहेरचा घोडा

गोल फिरणाऱ्या पाळण्यात घोड्यांच्या दोन ओळी असतील तर मुलाला कोणत्या घोड्यावर बसवाल? सगळे घोडे एका फेरीला सारखाच वेळ घेतात, पण बाहेरच्या घोड्याला मोठे वर्तुळ पार करावे लागते. फिरण्याचा काळ सारखा असला की लागणारे केंद्राभिमुख त्वरण त्रिज्येच्या प्रमाणात असते. पाळणा मिनिटाला ६ फेरे घेत असेल, तर २ मीटर त्रिज्येवर ते दर सेकंदाला दर सेकंदास सुमारे ०.८ मीटर आणि ४ मीटर त्रिज्येवर सुमारे १.६ मीटर येते. म्हणजे बाहेर फेकले जाण्याची जाणीव आतल्या घोड्यावर निम्मीच असते. जड डोक्याच्या बाळासाठी आतला घोडा बरा, आणि शेजारी कोणीतरी धरून उभे हवेच. आकाशपाळण्याची गोष्ट निराळी. तेथला आडवा दांडा मोठ्यांच्या मांडीच्या मापाचा असतो आणि त्याखालून मूल सहज घसरू शकते. आकाशपाळणा मुलाने खालूनच पाहावा.

शेंगदाणे, फुटाणे आणि फुगे

जत्रेत शेंगदाणे-फुटाण्यांची पुडी हवीच. पण दाणे दळणाऱ्या शेवटच्या दुधाच्या दाढा मुलाला साधारण दोन ते पावणेतीन वर्षांच्या दरम्यान येतात. तोपर्यंत दाणा अख्खाच घशात उतरतो आणि हसता-रडताना श्वासनलिकेत शिरू शकतो. प्वाझेय या फ्रेंच डॉक्टरने १८४० च्या सुमारास अरुंद नळ्यांतील प्रवाहाचा अभ्यास केला. त्यातून निघालेला नियम असा, की संथ प्रवाहाला होणारा रोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. सोयीसाठी मुलाची श्वासनलिका ६ मिलिमीटर आणि मोठ्याची १६ मिलिमीटर व्यासाची धरू. दोन्हींना आतून सर्व बाजूंनी १ मिलिमीटर सूज आली, तर मोठ्याचा रोध १.७ पट होतो, पण मुलाचा ५ पट! म्हणून चार वर्षे पुरी होईपर्यंत अख्खे दाणे देऊच नयेत.

घास अडकलाच तर? मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्यावे. आवाज व श्वास बंद पडू लागला तर त्याला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मधे तळहाताने पाच जोरकस थापा द्याव्यात. दुसऱ्याने लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घास दिसत नसताना घशात बोट घालू नये, कारण तो आणखी खाली जातो. यापुढचे पोट दाबण्याचे तंत्र शिकलेल्या माणसाकडूनच शिकून घ्यावे. शिक्षकांनी शाळेत त्याचे प्रात्यक्षिक ठेवले तर फार उत्तम.

वर उडणाऱ्या फुग्यात हेलियम असेल तर आगीची भीती नाही, कारण तो वायू जळत नाही. पण स्वस्त म्हणून पुष्कळदा हायड्रोजन भरतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ ते ७५ टक्के असले तर एखादी विडी किंवा उदबत्तीही तो पेटवू शकते. फुग्यात कोणता वायू आहे हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून फुगे भरण्याच्या नळकांड्याजवळ मुलाला घेऊन रेंगाळू नये. फुटक्या फुग्याचे रबरही लगेच उचलावे, कारण ते मुलाच्या घशात चिकटून बसते.

करून पाहा

जत्रेच्या आदल्या दिवशी फीत घेऊन धाकट्या भावंडाची उंची, पायाची लांबी आणि डोक्याची उंची मोजा. तुमची मापेही घ्या आणि वरची गुणोत्तरे स्वतः काढा. मग घराच्या अंगणात त्याच्या शेजारी चालून तो किती पावले टाकतो ते मोजा. जत्रेत गेल्यावर एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात उकिडवे बसा, म्हणजे तुमचे डोळे साधारण त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर येतील. तेथून जत्रा कशी दिसते ते मिनिटभर पाहा. मिठाईच्या राशी दिसणार नाहीत, दुकानाची फळी तेवढी दिसेल. मग त्याला कडेवर घ्या आणि राशी दाखवा. त्याची जत्रा खरी तेथून सुरू होते.