चला, घर झोपवूया!

इशाची नमाज झाली, जेवणे आटोपली, अंथरुणे पडली. आणि नेमकी तेव्हाच आमच्या चार वर्षांच्या लेकीला तहान लागायची, भूक लागायची, हरवलेली बाहुली आठवायची. आम्ही आधी समजावायचो, मग डोळे वटारायचो, शेवटी बागुलबुवाला हाक मारायचो. एका रात्री हुंदके देत झोपलेल्या तिच्याकडे पाहून मन खजील झाले. जिथे तिने निर्धास्त व्हावे, ती जागाच आम्ही शिक्षेची करून टाकली होती.

मुलाला झोप नको असते असे नाही. सगळे जागे असताना आपणच एकटे का बाजूला पडायचे, हे त्याला पटत नाही. तीन-चार वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून 10 ते 13 तास झोप हवी. म्हणून वेळ पाळावीच. पण अंथरुणापर्यंतची वाट खेळाची असावी.

आम्ही लेकीला घराची राखणदार नेमले. रात्री दार लावावे, भांडी झाकावीत, दिवा मालवावा, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवण. आता कडी लागली का ते ती पाहते, माठावर झाकण ठेवते. अंथरूण झटकणेही सुन्नतच. ते झटकताना ती मोठ्याने मोजते, एक, दोन, तीन! दिव्याचे शेवटचे बटण तिचेच.

मग चपातीचा खेळ. तिचे अब्बा तिच्या पाठीवर पीठ मळतात, लाटतात आणि म्हणतात, "आता उजव्या कुशीवर भाजू या." भाजताना चपातीने हलायचे नाही. गुदगुल्या मात्र टाळाव्यात, नाहीतर आलेली झोप पळते. आवाज हळूहळू बारीक करत न्यावा. शेवटी इखलास, फलक आणि नास या तीन सूरह म्हणून ओंजळीत फुंकायचे आणि हात अंगावरून फिरवायचे. तिच्या इवल्या ओंजळीची फुंकर आमच्याही वाट्याला येते.

रोजच हे जमते असे नाही. पाहुणे आले, प्रवास झाला की घडी विस्कटते. तरी दुसऱ्या दिवशी तोच क्रम पुन्हा धरावा. मुलांना ओळखीचा क्रम आवडतो. मोबाइल तासभर आधी बाजूला ठेवावा, आपलाही.

परवा आम्हीच मोबाइल पाहत बसलो होतो. राखणदार आली, बटण बंद केले आणि म्हणाली, "घर झोपलं. आता तुम्ही दोघं पण झोपा."